भारतात पंधरा वर्षं गाडी चालवली, मग ब्रिटनमध्ये पुन्हा क्लास कशाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि पुणे मिळून मी पंधरा वर्षं गाडी चालवली होती. आता इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये राहते. नवीन आलेली आपली माणसं घर आणि मुलांची शाळा एवढं मार्गी लागलं की लायसन्सबद्दल विचारायला लागतात. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. हे सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी आहे. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

भारतातल्या लायसन्सवर इथं किती दिवस गाडी चालवता येते?

इथं राहायला आल्यापासून १२ महिने. त्या मुदतीत कार चालवायला 'एल' पाटी लागत नाही आणि शेजारी कोणी बसायची गरज नसते. वर्ष संपलं की त्या लायसन्सवर एकट्यानं गाडी काढणं बेकायदा ठरतं, आणि इन्शुरन्सचाही आधार राहत नाही. मध्ये दिवाळीला घरी जाऊन आलात म्हणून वर्ष नव्यानं मोजायला सुरुवात होत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

दरवर्षी भारतातून इंटरनॅशनल परमिट काढून आणलं तर?

चालत नाही. ते परमिट म्हणजे तुमच्या मूळ लायसन्सचा अनुवाद. इथल्या रहिवाशाची १२ महिन्यांची मुदत त्यानं वाढत नाही.

भारतीय लायसन्स बदलून इथलं मिळत नाही का?

नाही. ज्या देशांची लायसन्सं ब्रिटन बदलून देतं, त्या यादीत भारत नाही. जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, संयुक्त अरब अमिराती असे देश आहेत. त्यामुळे मधली काही वर्षं दुबईत किंवा सिंगापुरात काढून तिथं परीक्षा देऊन लायसन्स मिळवलं असेल, तर आधी तो मार्ग तपासा. इथं राहायला आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

मग क्रम काय? थेट परीक्षेला बसता येतं?

आधी प्रोव्हिजनल लायसन्स, म्हणजे आपल्याकडचं लर्निंग. ते डीव्हीएलए, म्हणजे लायसन्स देणारं सरकारी खातं, देतं, ऑनलाइन ३४ पौंड. मग थिअरी परीक्षा, २३ पौंड. ती पास झालात की दोन वर्षांच्या आत प्रत्यक्ष गाडीची परीक्षा: कामाच्या दिवशी ६२ पौंड, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ७५. या दोन्ही परीक्षा डीव्हीएसए हे दुसरं सरकारी खातं घेतं. फी बदलत असते, भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या. गाडीच्या परीक्षेच्या दिवशी मागच्या १२ महिन्यांपैकी निदान १८५ दिवस तुम्ही इथं राहिलेले असायला हवेत.

क्लास सक्तीचा नाही. एकही तास न घेता परीक्षेला बसता येतं. मी तसं करू नका म्हणेन, आणि त्याचं कारण पुढच्या दोन उत्तरांत आहे.

माझा कळकळीचा सल्ला: प्रोव्हिजनलचा अर्ज पहिल्याच महिन्यात करा. "अजून वर्ष आहे की" म्हणत आठ महिने जातात, आणि मग तारखा मिळत नाहीत.

पण गाडी तर मला येते. शिकायचं काय उरलं?

हात-पाय शिकलेलेच आहेत. क्लच, गिअर, चढावर हाफ क्लचवर गाडी धरणं, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. कात्रजचा जुना घाट किंवा आंबा घाट चढलेल्या माणसाला इथला चढ काही वाटणार नाही. शिकायचं असतं ते बघायला. त्यातून भारतात आणि ब्रिटनमध्ये गाडी डाव्याच बाजूनं चालते, स्टिअरिंग उजवीकडेच. त्यामुळे पहिल्या दिवशी सगळं ओळखीचं वाटतं. अमेरिकेत जाणारा माणूस बाजू बदलल्यामुळे आपोआप सावध होतो, इथं आपण होत नाही.

आपल्याकडे आपण माणसं वाचतो. समोरचा रिक्षावाला डोकं किती वळवतो, टेम्पोचं चाक कुठं झुकतंय, कोण हॉर्न देतोय, यावरून पुढच्या दोन सेकंदांचा अंदाज बांधतो. ते कौशल्य खरं आहे आणि मला त्याचा आदर आहे. इथले लोक मात्र रस्ता वाचून चालवतात: पांढरी तुटक दुहेरी रेघ म्हणजे थांबायच्या तयारीनं ये आणि आडव्या रस्त्यावरच्यांना आधी जाऊ दे, अखंड रेघ आणि अष्टकोनी पाटी म्हणजे रस्ता रिकामा असला तरी चाक पूर्ण थांबव, पिवळी जाळी म्हणजे पलीकडे जागा नसेल तर आत शिरू नको. सगळे त्या खुणा पाळतात, हे गृहीत धरूनच मागचा माणूस वेगात येत असतो. आपण अंदाजावर गाडी घातली, तर त्याला ते अपेक्षितच नसतं.

माझ्या पहिल्या परीक्षेत नेमकं हेच झालं. झेब्रा क्रॉसिंग जवळ आलं होतं. फुटपाथवर एक आजी पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं मला वाटलं, त्या थांबल्यात म्हणजे मला जायला सांगताहेत. मी ब्रेकवर पाय नेलाच नाही. त्यांनी पाऊल उचललं आणि परीक्षकांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. परीक्षा तिथंच हरले. आजींना काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कोल्हापुरात मी इतकी वर्षं किती जणांना असं फुटपाथवर उभं ठेवलं असेल, तेच डोक्यात फिरत होतं.

आपल्या कोणत्या सवयी हमखास नडतात?

डिपर. आपल्याकडे डिपर मारणं म्हणजे "मी येतोय, थांब". इथं बहुतेक लोक त्याचा अर्थ "तुम्ही आधी जा" असा घेतात. 'हायवे कोड', म्हणजे इथलं रस्त्याच्या नियमांचं अधिकृत पुस्तक, म्हणतं की डिपर फक्त आपण तिथं आहोत हे कळवण्यासाठी आहे. म्हणजे आपण मारला की समोरचा अंगावर येणार, आणि त्यानं मारला की आपण थांबून बसणार. स्वतः मारू नका. दुसऱ्यानं मारला, तरी आपल्या डोळ्यांनी रस्ता मोकळा दिसल्याशिवाय निघू नका.

हॉर्न. धोका असेल तरच. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात वाजवायचाच नाही. वळणावर सवयीनं दिलेला "पीं" परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो.

चारही इंडिकेटर. चौकात सरळ जायचं म्हणून किंवा पावसात दिसावं म्हणून ते चालू ठेवायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. इथं धावत्या गाडीत ते लावायचे नाहीत. अपवाद एकच: मोटरवेवर (इथला द्रुतगती महामार्ग) किंवा मध्ये दुभाजक असलेल्या तसल्याच वेगवान रस्त्यावर पुढं अडथळा आहे हे मागच्याला थोडा वेळ कळवायला.

उतारावर गाडी न्यूट्रल करणं किंवा क्लच दाबून सोडणं. पेट्रोल वाचवायची ही सवय वडिलांकडून आलेली असते. इथं ती चूक म्हणून लिहिली जाते, कारण इंजिनाचा ताबा सुटतो.

आरसे. निघताना, इंडिकेटर देण्याआधी, वेग बदलण्याआधी आरसा बघायचा, आणि निघताना उजव्या खांद्यावरून मागे वळून बघायचं. जिथं मागचाच हॉर्न देऊन जागा मागतो तिथं आपण वाढलो, त्यामुळे डावा आरसा कित्येकांनी वर्षानुवर्षं बघितलेला नसतो. नापास होण्याचं हे मोठं कारण आहे.

डावीकडून ओव्हरटेक, मधली लेन धरून बसणं, पुढच्या गाडीला चिकटून चालवणं, हेही आहेच. आणि उलट टोकाची एक सवय: इथं आल्यावर घाबरून फार हळू चालवणं. गावाबाहेरच्या, मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ६० मैलांची, म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटरची मर्यादा असते. रस्ता मोकळा असताना तिथं ३५ नं चाललात तर तीही चूक धरतात. वस्तीत दिव्यांचे खांब असतील आणि वेगळी पाटी नसेल तर ३०, वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून २०. मैल आणि किलोमीटर यांची गल्लत सुरुवातीला होतेच.

सायकलवाल्यालाही विसरू नका. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात त्याला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर सोडायचं. तेवढी जागा नसेल तर मागे थांबायचं, कितीही वेळ लागो.

एक गोष्ट मात्र घरची वाटेल. अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला शक्य तिथं आधी जाऊ द्यायचं, ही आपल्या घाटातली रीत इथल्या नियमातही आहे. स्कॉटलंडच्या एकपदरी रस्त्यांवर ती पाळताना मला दर वेळी कोकणात उतरल्यासारखं वाटतं.

राउंडअबाउटची एवढी धास्ती का?

मिल्टन कीन्समध्ये शंभराहून जास्त राउंडअबाउट, म्हणजे मधल्या वर्तुळाला वळसा घालून जायचे चौक, आहेत, त्यामुळे हा माझा जिव्हाळ्याचा विषय. नियम छोटा आहे: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ब्रिटननं तो १९६६ मध्ये घालून दिला आणि तेव्हापासून सगळी वाहतूक त्यावर चालते. आपल्याकडच्या चौकात आपण नाक आत घालून जागा करतो. इथं जागा मिळेपर्यंत रेघेवर थांबायचं असतं, आणि जागा मिळाली की अजिबात न रेंगाळता निघायचं असतं. जमायला कठीण जातो तो हा दुसरा भाग. उजवीकडून कोणी येत नसताना उगाच थांबलात तर मागून गाडी धडकू शकते.

इंडिकेटरचं साधं गणित असं: डावीकडे जायचं तर डावा इंडिकेटर आणि डावी लेन. सरळ जायचं तर शिरताना काही नाही, साधारणपणे डावी लेन, आणि आपल्या आधीचा फाटा ओलांडला की डावा. उजवीकडे जायचं तर शिरताना उजवा, बाहेर पडताना डावा. रस्त्यावरचे बाण वेगळं सांगत असतील तर बाणांचं ऐकायचं. स्विंडनमध्ये १९७२ पासून पाच छोट्या राउंडअबाउटचा मिळून एक मोठा राउंडअबाउट आहे. फोटोत बघून घाबरायला होतं. पण तिथंही प्रत्येक छोट्या वर्तुळापाशी उजवीकडे बघायचं, एवढंच करत पार होता येतं.

माझ्या इन्स्ट्रक्टर बाईंनी मला एक दुपार गाडीबाहेर काढून फक्त राउंडअबाउटच्या कडेला उभं केलं होतं. अर्धा तास आम्ही नुसत्या गाड्या बघितल्या. कोण कधी निघतो, कोणाच्या चाकाची दिशा काय. त्या अर्ध्या तासात जे कळलं ते आधीच्या तीन तासांत कळलं नव्हतं.

किती तास घ्यावे लागतील, खर्च किती?

अगदी नवख्या माणसाला सरासरी ४५ तास क्लास आणि वर २२ तास सराव लागतो, असं डीव्हीएसए सांगतं. अनुभवी माणसाला एवढे लागत नाहीत. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं सहा ते पंधरा तासांत भागलं. मला चौदा लागले, दुसऱ्या परीक्षेआधीचे धरून. तासाला साधारण ३५ ते ४५ पौंड पडतात, लंडनमध्ये जास्तही. परीक्षेच्या दिवशी इन्स्ट्रक्टरची गाडी वापरायची तर त्या दोन तासांचे पैसे वेगळे. पैसे जातात, मान्य. पण एका नापास परीक्षेची फी, पुन्हा गाडी आणि महिनोन् महिने थांबणं हे धरलं तर क्लास स्वस्त पडतो.

इन्स्ट्रक्टर कसा निवडायचा? मराठी किंवा हिंदी बोलणारा बघावा का?

पहिल्याच फोनवर सांगा: "मला गाडी येते, मला इथल्या परीक्षेच्या नजरेनं तपासा." चांगला इन्स्ट्रक्टर पहिला तास तुम्हाला नुसतं चालवायला लावतो आणि मग यादी देतो. जो पहिल्या दिवसापासून वीस तासांचं पॅकेज गळ्यात मारतो, त्याच्याकडे जाऊ नका. काचेवरचा बिल्ला बघा: हिरवा अष्टकोनी म्हणजे पूर्ण मान्यता असलेला, गुलाबी त्रिकोणी म्हणजे अजून शिकाऊ इन्स्ट्रक्टर.

भाषेचं म्हणाल तर इंग्रजीतच शिका. परीक्षकाच्या सूचना इंग्रजीत येतात, परीक्षेला दुभाषा नेता येत नाही, आणि 'टेक द सेकंड एक्झिट' हे कानाला आधीच सवयीचं झालेलं बरं. आई-वडिलांच्या वयाच्या कोणाला इंग्रजी अवघड जात असेल तर मात्र सुरुवातीचे काही तास आपल्या भाषेतल्या माणसाकडे घ्यायला हरकत नाही.

नवऱ्याबरोबर किंवा मित्राबरोबर सराव चालेल?

प्रोव्हिजनलवर असाल तर गाडीला पुढं-मागं 'एल' पाटी हवी, तुमच्या नावाचा इन्शुरन्स हवा, आणि शेजारी २१ वर्षांवरचा माणूस हवा ज्याच्याकडे निदान तीन वर्षं जुनं, इथं मान्य असलेलं पूर्ण लायसन्स आहे. नवऱ्याकडे भारतातलं वीस वर्षांचं लायसन्स असेल तरी ते यात धरत नाहीत. शेजारी बसलेल्यानं मोबाइल हातात घ्यायचा नाही, तोही त्या क्षणी चालकाइतकाच जबाबदार असतो. मोटरवेवर शिकाऊ माणसाला फक्त पूर्ण मान्यता असलेल्या इन्स्ट्रक्टरबरोबर, दुहेरी ब्रेकच्या गाडीतूनच जाता येतं.

माझं मत: आधी बाहेरच्याकडे शिका, मग घरच्याबरोबर सराव करा. उलटं केलं की घरच्याच्या चुका आपल्यात उतरतात, आणि रात्रीचं जेवण अबोल्यात होतं.

ऑटोमॅटिकवर परीक्षा देऊ की मॅन्युअलवर?

ऑटोमॅटिकवर पास झालात तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. मॅन्युअलवर झालात तर दोन्ही. गिअरची सवय असेल तर मॅन्युअलच द्या.

थिअरीचा अभ्यास किती करावा?

दोन-तीन आठवडे, रोज थोडा. ५० प्रश्न, त्यांतले ४३ बरोबर हवेत. त्यानंतर धोका ओळखायच्या १४ चित्रफिती, ७५ पैकी ४४ गुण. अनुभवी माणूस या दुसऱ्या भागात अडखळतो. आपल्याला प्रत्येक फ्रेममध्ये धोका दिसतो, आपण सारखं क्लिक करतो, आणि फार क्लिक केलं की त्या चित्रफितीला शून्य. धोका प्रत्यक्ष उलगडायला लागतो त्या क्षणाचे गुण असतात. सरावाच्या चित्रफिती बघून तो ताल पकडावा लागतो.

गाडीच्या परीक्षेत काय काय असतं?

सुरुवातीला २० मीटरवरची नंबरप्लेट वाचायची. चष्मा विसरलात तर परीक्षा तिथंच संपते. मग गाडीच्या देखभालीचे दोन साधे प्रश्न, साधारण ४० मिनिटं ड्रायव्हिंग, त्यात एकदा गाडी मागे घेणं किंवा पार्क करणं, आणि बराच वेळ नॅव्हिगेशनवर किंवा पाट्या बघून स्वतः रस्ता शोधणं. काहींना अचानक ब्रेक लावायला सांगतात. वाट चुकली तर गुण जात नाहीत, चुकलेल्या वाटेनंही नीट चालवा.

१५ पर्यंत किरकोळ चुका माफ असतात. गंभीर किंवा धोकादायक एक झाली की नापास. एकच किरकोळ चूक पुन्हा पुन्हा केली तर तिची गंभीर होऊ शकते.

तारीखच मिळत नाही, काय करू?

थिअरी पास झाल्याच्या दिवशीच सरकारी संकेतस्थळावर मिळेल ती तारीख घ्या. रद्द झालेल्या जागा अधूनमधून उघडतात, म्हणून रोज बघत राहा. जास्त पैसे घेऊन "लवकरची तारीख" देणाऱ्यांना लायसन्स नंबर देऊ नका. तारीख रद्द करायची तर कामाचे पूर्ण १० दिवस आधी, नाहीतर फी बुडते.

नापास झाले. घरी, ऑफिसात सांगायची लाज वाटते.

इथं निम्म्याहून जास्त परीक्षांचा निकाल नापास असाच लागतो, आणि त्यांत इथंच जन्मलेले असंख्य असतात. नापासाच्या कागदावर प्रत्येक चूक नोंदवलेली असते. तो इन्स्ट्रक्टरला दाखवा आणि फक्त तेवढ्यावर काम करा. पुढची परीक्षा कामाचे १० दिवस सोडून घेता येते. मी घरी फोन केला तेव्हा बाबा, ज्यांनी मला जीप शिकवली होती, एवढंच म्हणाले, "त्या आजी बऱ्या आहेत ना?" त्यानंतर मला लाज वाटली नाही.

इन्शुरन्स इतका महाग का?

भारतीय लायसन्सवर हप्ता चढा येतो, आणि तिकडचा नो क्लेम बोनस बऱ्याच कंपन्या धरत नाहीत. इथलं लायसन्स मिळाल्यावर कंपनीला कळवा, बहुधा फरक पडतो. लायसन्सचा प्रकार चुकीचा सांगून स्वस्त पॉलिसी घेऊ नका, अपघातानंतर ती उपयोगी पडत नाही.

पास झालो. आता काय सांभाळायचं?

पहिली दोन वर्षं. त्या काळात नियम मोडल्याचे सहा पेनल्टी पॉइंट लायसन्सवर जमा झाले तर लायसन्स रद्द होतं आणि थिअरीपासून पुन्हा सगळं. तुमची भारतातली पंधरा वर्षं यात मोजत नाहीत. गाडी चालवताना फोन हातात धरला तर एका फटक्यात सहा पॉइंट आणि २०० पौंड दंड. सिग्नलला थांबलेल्या गाडीतही हेच लागू. फोन डिकीत टाका.

सुट्टीला भारतात गेल्यावर तिथली सवय मोडलेली असते का?

थोडी. मागच्या मे महिन्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी झेब्रा क्रॉसिंगला थांबले. मागून हॉर्न सुरू झाले. समोर शाळेच्या गणवेशातली दोन मुलं उभी होती, त्यांना कळेना की ही गाडी का थांबली. मी हातानं खूण केली. आधी त्यांनी एकमेकांकडे बघितलं, मग हात धरून पळत पलीकडे गेली.